हळद त्यांनी हसत उचलली

गाव आमचं डोंगरकड्यापासून दोन कोसांवर, तालुका कळमनुरी, जिल्हा परभणी, आणि जन्म निजामाच्या राज्यातला. म्हंजे बघा गुरुजी, मी जन्मलो तवा तुमच्या या देशाचा नव्हतोच, दहा वर्षांचा झालो तवा झालो, आणि तेही मी काही केलं म्हणून न्हाई, फौज आली म्हणून. माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, बाप गावकीची कामं करायचा, आणि मी दिवसभर खलीलभाई दर्ज्याच्या ओट्याखाली बसायचो. ओट्यावर न्हाई, खाली, आमची जागा तिथली. पण मशीनचं चाक फिरताना बघायला खालूनच बराबर दिसतं. खलीलभाई चिंध्या द्यायचे आणि बोलायचे, बोलायचे ते दखनीत, तीच बोली माझ्या तोंडात बसली, मराठीच्या आधी बसली म्हणलं तरी चालंल. मंग अठ्ठेचाळीस साली बाळापूरच्या सडकेनं फौजेच्या गाड्या आल्या, लोक झेंडूचे हार घेऊन पळाले, मीही पळालो, एका हातानं चड्डी धरून, कारण नाडी नव्हती. सगळं गाव नाचलं. चार-पाच दिवसांनी गाड्या पुढं गेल्या, आणि एक दिवस बघतो तर खलीलभाईच्या ओट्यावर मशीन न्हाई, माणूस न्हाई, दाराला कडी न्हाई. कुठं गेले म्हणून मी बापाला विचारलं तर बाप म्हणला, गप बस.

म्हंजे हे मला ठाऊक होतं. दुसऱ्याची फौज कुणाला सोडवायला येते आणि निघून जाते, तवा मागं काय होतं, ते मी दहाव्या वर्षी डोळ्यानं बघितलं होतं. तरी तेवीस वर्षांनी मी तेच करून आलो. आता काय सांगू तुम्हाला, शहाणपण काही उंचीसारखं न्हाई, वयाबरोबर वाढत न्हाई.

उंचीवरून आठवलं. फौजेत भरती व्हायला गेलो तर अर्ध्या इंचानं कमी भरत होतो, म्हणून चवड्यावर उभा राहिलो. मोजणारा जमादार हुशार, त्यानं काठीनं टाचेवर टोला दिला, मी ओरडून एवढा ताठ झालो की बराबर भरलो. घेतलं मला. आणि टाकलं कुठं, तर पूल बांधणाऱ्या पलटणीत. नदीवरचं काम. पवता येतं का म्हणून विचारलं, मी म्हणलं, जी हुजूर. आमच्या गावच्या ओढ्यात म्हैस बसली तर तिचं पोट भिजत न्हाई, तिथं मी कुठं पवणार? पण अठरा वर्षं नदीवर काढली आणि कुणाला कळू दिलं न्हाई. हे काहून सांगतो, तर माझा स्वभाव तुम्हाला कळावा. येत नसलेल्या गोष्टीला येतं म्हणायचं, आणि देवाच्या म्हणा, नशिबाच्या म्हणा, भरवशावर उतरायचं. पाण्यात मी कधी बुडलो न्हाई. बुडालं दुसरंच कुणीतरी.

एकाहत्तरची लढाई तुम्ही पुस्तकात शिकवता. लढाई पंधरा दिवसांत सरली. आमी मागून गेलो, जातानाच मोडलेले पूल जोडत गेलो, आणि सरल्यावर आमच्या तुकडीला एका नदीकाठच्या गावात ठेवलं. तिथं रेल्वेचं लहानसं ठेसण, सुपारीची झाडं, केळी, घराघराच्या मागं तळं, एवढं पाणी की आमच्या माणसाला रागच यावा. निम्मं गाव जळालेलं. माणसं अशी बघायची जशी काही आपल्या पलीकडं कुणी उभं आहे. आमचे कप्तान साहेब कोवळे, मिसरूड नुकतंच फुटलेलं, पण मनानं लई चांगले, ते म्हणाले, हवालदार, लढाई जिंकली, आता यांचा देश उभा करून द्यायचा. पूल, कमिटी, धान्यवाटप. लोकांशी बोलावं लागंल, इथली भाषा कुणाला येती? बस, मी हात वर केला. मला वाटलं मुसलमानाचं गाव, मुसलमानाची भाषा ती खलीलभाईची भाषा. आमच्याकडं तसंच ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठेसणाबाहेर बाकावर उभा राहिलो आणि भाषण ठोकलं. डरो नक्को, म्हणलं, हमारी फौज आ गई, अब तुमकू कुछ तकलीफ नै होती. गुरुजी, मला वाटलं टाळ्या पडतील. एका बाईनं लेकरू उचललं आणि घरात गेली. दुसरी गेली. बाप्ये जागच्या जागी बसले, काही जणांनी हात डोक्यावर ठेवले, असे, पकडलेल्या माणसासारखे. कारण त्या गावात नऊ महिने ही बोली कोण बोलत होतं? ज्यांनी गाव जाळलं ते. मी त्यांना सोडवायला आलो ते त्याच बोलीत ओरडत आलो. आणि मी येडा अजून मोठ्यानं बोलायला लागलो, मला वाटलं ऐकू जात न्हाई.

तेवढ्यात मागून एक म्हातारा लंगडत पुढं आला. तोंडात पान, अंगात रेल्वेचा निळा जुना कोट. माझ्याकडं बघून हसला आणि म्हणला, हवालदार साहब, ये नक्को किस मुल्क का है? ते युनूसचाचा. ठेसणावर रूळ बदलायचं काम करायचे, मूळ बिहारकडचे, फाळणीच्या वेळी नोकरीपायी तिकडं गेले, बायको त्याच गावात पुरलेली, घरात एक विधवा लेक, जुबेदा. त्यांना बंगाली गावकऱ्यासारखी यायची. मी बाकावरून उतरलो आणि त्यांचा हात धरला, सोडलाच न्हाई म्हणा ना. परक्या मुलखात इतक्या दिवसांनी कुणी आपलं ओळखीचं बोललं की माणूस कसा होतो ते तुम्हाला सांगून कळायचं न्हाई. साहेबाला मी काही सांगितलं न्हाई की मला इथली भाषा येत न्हाई. मी बोलायचो युनूसचाचाशी, चाचा बोलायचे गावाशी, आणि साहेब समजायचे मीच बोलतो.

तीन महिने आमचा कारभार असा चालला. जुबेदा भात आणि मिरच्यांचं कालवण पाठवायची, आमच्या लंगरच्या डाळीला ती भीत होती. मला भाईजान म्हणायची. एकदा विचारते, भाईजान, आपके यहाँ नदी है? मी म्हणलं, आहे की, कयाधू. बडी है? मी म्हणलं, फार मोठी. उन्हाळ्यात आमी कयाधूत टरबूज लावतो, हे मी सांगितलं न्हाई.

पूल झाला. खरंच चांगला झाला, लोखंडाच्या चौकटी, त्यात खिळी ठोकायची, एक चौकट दुसरीला धरती, आणि या काठावरून ढकलत गेलं की त्या काठाला लागतो. साहेबांना वाटलं गावही तसंच जोडता येईल. मला तर वाटलंच. सहा जणांची कमिटी करायची, तिनं पत्रे, कांबळी, तांदूळ कुणाला द्यायचे ते ठरवायचं. साहेब म्हणाले, मुख्य कोण? मी म्हणलं, साहेब, यात विचारायचं काय, युनूसचाचा. एवढा समजूतदार माणूस साऱ्या गावात न्हाई. समजूतदार म्हंजे काय गुरुजी? म्हंजे मला समजणारा. बाकीचं गाव मला समजत नव्हतं, म्हणून ते माझ्या लेखी बेसमज.

कमिटीच्या पहिल्या बैठकीत गावचा जुना मुखिया उठला, पांढऱ्या दाढीचा, सरळ माणूस, आणि लई वेळ बोलला. बोटानं दाखवून बोलला. मी विचारलं, चाचा, काय म्हणून राहिले? चाचानं पान गिळलं आणि म्हणाले, म्हणतात, ज्यांची घरं जळाली त्यांना पत्रे आधी द्या. मी म्हणलं, वा, बराबर बोलले. मी उठलो आणि मुखियाच्या गळ्यात हार घातला. साहेबांनी फोटो काढला. मुखिया माझ्याकडं असा बघत राहिला, जसं काही बैल बोलायला लागलाय.

मार्च लागला आणि हुकूम आला, परत चला. दोन दिवसांत. त्या दुपारी चाचा पुलापाशी आले, मी खिळी मोजत होतो. म्हणाले, हवालदार साहब, हम दोनों को ले चलो. मी म्हणलं, कुठं? म्हणाले, कहीं भी, बडे शहर तक. मी हसलो. म्हणलं, तुमी तर गावचे मुख्य, तुमीच पळाला तर कसं? तवा ते एका चौकटीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. पहिली फौज आली होती ती, तिलाही गावाशी बोलायचं होतं. त्यांनाही युनूसच सापडला. पाठीला संगीन लावून त्यांनी याला दारोदार फिरवलं, याचं नाव काय विचार, त्याचा लेक कुठं आहे विचार. मुखियाच्या दारातही उभं केलं. मुखियाचा लेक त्या दिवशी नेला तो आला न्हाई. मुखियानं त्या लेकाचं नाव शेवटचं ऐकलं ते युनूसच्या तोंडून. बैठकीत तो पत्र्याचं बोलतच नव्हता, चाचा म्हणाले. तो म्हणत होता, या माणसाला आमच्या डोक्यावर बसवू नका. मैं अपने मुँह से कैसे कहता?

आता तुम्ही मला सांगा. तीन महिने सारं गाव मला काही सांगून राहिलं होतं, आणि सांगायला वाट एकच होती, त्याच माणसाच्या तोंडातून. एका फौजेनं त्याला संगीन लावून पुढं केलं, दुसरीनं खुर्ची देऊन. माझ्या मनात आलं, संगीन बरी. तिचं निदान गावाला दिसतं की मर्जीनं न्हाई.

मी साहेबांकडं गेलो. साहेब म्हणाले, हवालदार, आपण फौज आहोत, माणसं न्यायचा हुकूम न्हाई, इथं आता त्यांचं सरकार आहे, अंमलदार येतील, ते बघतील. चुकीचं काही बोलले न्हाईत. मी सलाम ठोकला आणि बाहेर आलो.

आणि मंग मला अक्कल सुचली. आमच्याकडं दोन घरांत खुनापर्यंत गेलेलं वैर असंल तर काय करतात? बेल-भंडारा उचलायला लावतात. हातात बेलाचं पान, हळद, आणि सगळ्यांदेखत बोलायचं की आजपासून याच्या वाटेला जाणार न्हाई. माझ्या हयातीत ते उचलून कुणी शब्द फिरवलेला मी बघितला न्हाई. आता आमी दीक्षा घेतलेली माणसं, हे सारं सोडलेलं, घरात मी असलं काही बोललो असतो तर बापानं जोड्यानं मारलं असतं. पण परमुलखात माणूस अडला की त्याला पुस्तक आठवत न्हाई, गाव आठवतं. मायनं जखमेवर दाबायला म्हणून हळदीची पुरचुंडी दिली होती, ती होती. बेलाचं झाड तिथंही होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सारं गाव पुलापाशी बोलावलं, मुखियाला आणि बाकी चौघांना पुढं उभं केलं, प्रत्येकाच्या तळहातावर पान आणि हळद ठेवली, आणि चाचालाच सांगितलं, चाचा, सांगा यांना, म्हणा युनूसला आणि त्याच्या लेकीला आमी हात लावणार न्हाई.

बघा म्हंजे. त्याच्या जिवाची भीक त्यालाच मागायला लावली, आणि मला ते तवा कळलंही न्हाई.

चाचा बोलले, खाली बघून बोलले. आणि गावात हसू फुटलं. त्यांच्याकडं हळद कशाला लागते, तर नवरा-नवरीला. बायका एकमेकींना कोपरं मारायला लागल्या, कुणी तोंडानं लग्नातला आवाज काढला, एकीनं माझ्याकडं बोट करून काही म्हणलं तशा साऱ्या पदरात तोंड घालून हसल्या. हवालदाराचं लगीन आहे वाटलं असंल त्यांना. पाची जणांनी हळद उचलली, हसत उचलली. मुखियासुद्धा गालातल्या गालात हसला. आणि मी काय समजलो? मी समजलो, गोडी झाली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं गुरुजी, आनंदाचं. मी साहेबांना म्हणलं, झालं काम. साहेबांनी पाठ थोपटली.

चाचा मात्र हसले न्हाईत. मी म्हणलं, आता निश्चिंत राहा, आमच्याकडं हे उचललं की माणूस मरंल पण शब्द मोडणार न्हाई. ते माझ्या पिवळ्या हाताकडं बघून म्हणाले, हवालदार साहब, ये आपके गाँव की हल्दी है. एवढंच म्हणाले. मी म्हणलं, व्हय, हिंगोलीच्या बाजारची, एक नंबर. तिचं कौतुकच केलं की त्यांनी, असं मला वाटलं.

निघालो त्या दिवशी जुबेदा गाठोडं बांधून दारात उभी होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं की न्यायचं न्हाई, बापाच्यानं सांगणं झालं न्हाई. मी तिच्यासमोरून गाडीत बसलो. आता ही गोष्ट मी कुणाला सांगत न्हाई, पण तुम्ही लिहून राहिलात तर लिहा. गाडीत मी एक वेताची खुर्ची ठेवली होती, बायकोसाठी घेतलेली. खुर्ची न्यायला साहेबांची परवानगी लागत होती, आणि त्यांनी दोनदा न्हाई म्हणलं, मी तिसऱ्यांदा विचारलं, आणि ते म्हणाले, बरं घे बाबा. खुर्चीसाठी मी तीनदा विचारलं. माणसांसाठी एकदा. त्या खुर्चीच्या जागेत दोन माणसं मांडी घालून बसली असती. ती खुर्ची घरी आली, दोन पावसाळ्यांत वाळवीनं खाल्ली, मी हात लावला न्हाई.

शहरात पलटण जमा व्हायला दहा-बारा दिवस गेले. तेवढ्यात कळलं की पुलाच्या काही जास्तीच्या चौकटी त्या गावात राहिल्या, त्या आणायला मला गाडी देऊन पाठवलं. मी जुबेदासाठी डाळ घेतली, ती भीत होती ना, म्हणलं चिडवू. ठेसणावर उतरलो. ठेसणामागं चाचाचं घर. घर होतं म्हणायला भिंती होत्या. पत्रे न्हाईत, चौकट न्हाई, दारामागच्या मिरच्यांची रोपं कुणीतरी एकेक करून उपटून ओळीनं ठेवलेली. जमीन झाडून काढलेली, स्वच्छ. जळालेलं बघितलं असतं तर रडलो असतो. झाडलेलं बघून काय करायचं ते कळंना.

गाव गोळा झालं. चांगली वागली माणसं, शहाळं फोडून दिलं, बसायला चटई टाकली. मी विचारायला तोंड उघडलं आणि तवा माझ्या ध्यानात आलं की विचारणार कसा? ज्याच्या तोंडानं मी या गावाशी बोलत होतो तोच न्हाई. मी दाखवलं, असं लंगडून दाखवलं, पान चघळून दाखवलं, डोक्यावर पदर घेऊन दाखवलं. लेकरं हसली. त्यांना वाटलं सोंग करून राहिला. मी आणखी लंगडलो. शेवटी मुखिया पुढं आला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि दुसरा हात नदीकडं केला. बस.

नदीकडं पूल होता. पूल ओलांडून गेले का? आमचाच पूल, तो त्या काठाला नेतो, तिथून शहराची वाट आहे, बाप-लेक रातोरात निघाले असतील, पत्रे मागून लोकांनी काढले असतील, असंही होतं. का तो पुलाकडं दाखवत नव्हता? पुलाखाली पाणी होतं. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याचा लेक गेलेला, माझे हे दोघं गेलेले, आमी दोघं एकमेकांकडं बघत उभे, आणि मधे बोलून देणारा कुणी न्हाई. मला त्याचा गळा धरावा वाटला आणि त्याच्या पाया पडावं वाटलं, दोन्ही एकाच वेळी. मी चौकटी मोजल्या, गाडीत घातल्या, सही केली. डाळ तिथंच राहिली.

त्या उन्हाळ्यात सुट्टीवर आलो तर गावानं वाजत नेलं. देश सोडवून आला म्हणून. मायला रात्री न्हाई, सकाळी चुलीपाशी सगळं सांगितलं, हळदीचं सांगताना ती लई हसली, पदर डोळ्याला लावून हसली, मंग मी पुढचं सांगितलं. ती भाकर थापत होती. थापायची थांबली न्हाई. एवढंच म्हणाली, आणि किसना, तू त्याला तिथं ठेवून आलास व्हय? मी म्हणलं, माय, हुकूम नव्हता. ती म्हणाली, बरं. तव्यावर भाकर टाकली. मरेस्तोवर तिनं तो विषय काढला न्हाई, आणि मीही तिच्यापुढं फौजेची गोष्ट सांगितली न्हाई.

आता पेन्शन आहे, बाळापूरच्या शाळेत शिपाई म्हणून लागलो, तुमच्या हाताखालीच आहे, तुम्हाला काय सांगायचं. दरवर्षी सव्वीस जानेवारीला तुमी मला बिल्ले लावून उभं करता, मी पोरांना बाकावरचं भाषण सांगतो, हळद सांगतो, पोरं पोट धरून हसतात आणि मी तिथंच जयहिंद म्हणून थांबतो. पोरांना पुढचं काहून सांगायचं? त्यांच्या वहीत आमी जिंकलो असंच आहे, आणि ते खोटं न्हाई. आमी जिंकलोच. त्या गावात आमच्यामुळं कित्येकजण जगले, तेही खरं. मला राग आमच्या जिंकण्याचा न्हाई. आमी तीन महिन्यांत गाव जोडून देतो म्हणलो, आणि गाव आधीच कुठं कुठं तुटलंय ते विचारायला थांबलो न्हाई, त्याचा आहे.

तुम्ही विचारता, तुम्हाला काय वाटतं, जगले असतील का? कधी वाटतं म्हातारा गेला असंल, पण लेक तरी पल्याड पोचली असंल. कधी उलटं वाटतं. सकाळी शाळेची घंटा देताना एक वाटतं, दुपारी दुसरं. असंल जिवंत तर आता चाळिशीची असंल जुबेदा. जिथं असंल तिथं तिला एखादी शेजारीण मिळो, जिच्याशी तिला आपल्या बोलीत मोठ्यानं बोलता येईल, दार उघडं ठेवून. आणि तिच्या गावाला सोडवायला म्हणून कुणी, माझ्यासारखा भला माणूस, पुन्हा येऊ नये.